सूर्याच्या त्या चित्राखाली काय छापायला हवे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सौरवादळांवर आपण जवळपास पूर्ण पान दिलेत. या विषयाला मराठी दैनिकात एवढी जागा मिळते हे पाहून फार बरे वाटले आणि लेख मी शेवटपर्यंत वाचला. पण पानाच्या मधोमध एक चार कॉलमी चित्र होते. निळ्या पार्श्वभूमीवर लाल-पिवळे, लांबट डोळ्यांसारखे आकार एका रांगेत, आणि दोन डोळ्यांच्या मधे फुलीसारखा छेद. त्याखालची ओळ अशी होती : ‘सूर्यावरील स्फोटाचे अवकाशयानाने टिपलेले छायाचित्र’. ते छायाचित्र नव्हे. कोणत्याही यानाने ते टिपलेले नाही. ते संगणकावर केलेल्या सिम्युलेशनचे, म्हणजे निसर्गाचे नियम समीकरणांनी सोडवून केलेल्या नकलेचे, चित्र आहे. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे, आणि ती ओळ मला एवढी का खटकली हे सांगायला थोडी जागा लागणार आहे.

मी साताऱ्यात एम.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी पीएच.डी.साठी अशीच सिम्युलेशन चालवणे आणि त्यांची अशीच चित्रे काढणे हे माझे रोजचे काम होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. आपल्याकडे तो अंक असेल तर चित्राच्या दोन्ही कडा नीट पाहा. डाव्या कडेला अर्धा कापलेला डोळा उजव्या कडेला पुरा होतो. सूर्यावर असे होत नाही. संगणकात होते, कारण सिम्युलेशनसाठी घेतलेल्या जागेच्या, म्हणजे आमच्या भाषेत पेटीच्या, उजव्या कडेतून बाहेर पडलेला कण डाव्या कडेतून पुन्हा आत घ्यायचा, अशी व्यवस्था आम्ही करतो. नाहीतर कण संपून जातील. फिकट भागात बारीक दाणे दिसतील. तो छपाईचा दोष नाही. संगणकाने केलेल्या प्रत्येक चौकोनात मोजकेच कण असतात, आणि मोजक्या कणांची सरासरी काढली की ती चौकोनागणिक थोडी हलतेच. शिवाय त्या चित्रातला रंग बहुधा विद्युतधारेची घनता दाखवतो, आणि ती कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. कोणता रंग म्हणजे किती, हे सांगणारी उभी पट्टी मूळ चित्राला नक्की असणार. ती छापताना कापली गेली आहे.

‘एका ओळीने काय बिघडते? चित्र सुंदर आहे, वाचकाला कल्पना आली,’ असे आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. बिघडते ते असे की, या विषयातला सगळा जीव मोजलेले आणि हिशेबाने काढलेले यांच्यातल्या अंतरात आहे. ते अंतर कसे मिटत आले, हीच खरी बातमी आहे. दोन्हींना एकच नाव दिले की वाचकापर्यंत ती बातमी पोहोचतच नाही.

आधी थोडे मूळ प्रकरण सांगते. सूर्याच्या बाह्य वातावरणात, ज्याला आपण प्रभामंडल म्हणतो, तिथे पदार्थ प्लाझ्माच्या रूपात असतो : मोकळे इलेक्ट्रॉन आणि मोकळे आयन, तापमान दहा-वीस लाख अंश. अशा प्लाझ्मात चुंबकीय बलरेषा आणि कण एकमेकांना धरून चालतात. विरुद्ध दिशेच्या बलरेषा जवळ ढकलल्या गेल्या की त्यांच्यामध्ये विद्युतधारेचा पातळ पडदा तयार होतो. हा पडदा पुरेसा पातळ झाला की एखाद्या जागी बलरेषा आणि कण यांची ती जोडी सुटते. रेषा तिथे तुटून समोरच्या रेषांशी नव्याने जोडल्या जातात. हेच मॅग्नेटिक रिकनेक्शन, म्हणजे चुंबकीय पुनर्जोडणी. नव्याने जोडलेल्या रेषा झपाट्याने आखडतात आणि चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा कणांकडे जाते.

ऑस्ट्रेलियाच्या रोनाल्ड जोव्हानेली यांनी १९४६ साली सौरडागांजवळच्या अशा जागांचा संबंध सौरज्वालांशी, म्हणजे सूर्यावरच्या अचानक होणाऱ्या स्फोटांशी, जोडला. पुढे जेम्स डंगी यांनी ती कल्पना पृथ्वीच्या चुंबकावरणापर्यंत, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचापर्यंत, नेली. पीटर स्वीट आणि यूजीन पार्कर यांनी १९५०च्या दशकात या क्रियेचा वेग गणिताने काढला, आणि इथे अडचण उभी राहिली. त्यांच्या हिशेबाने एका सौरज्वालेची ऊर्जा मोकळी व्हायला महिने लागायला हवेत. सौरज्वाला मिनिटांत पेटते. पडदा लांब आणि अतिशय पातळ असल्यामुळे प्लाझ्माला बाहेर पडायला वाटच पुरत नव्हती. १९६०च्या दशकात हॅरी पेचेक यांनी लांब पडद्याऐवजी बलरेषा जिथे छेदतात अशा छोट्या फुलीचा तोडगा सुचवला, पण ती फुली आपोआप का टिकावी याचे उत्तर त्यात नव्हते. ते मिळायला संगणक पुरेसे मोठे व्हावे लागले. २००१ मध्ये वेगवेगळ्या गटांनी एकच प्रश्न, एकाच आरंभस्थितीतून, आपापल्या प्रकारच्या कोडने, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमने, सोडवून पाहिला. इलेक्ट्रॉन आणि आयन यांची चाल वेगळी धरली की पुनर्जोडणी झपाट्याने होते आणि तिचा वेग जवळपास सारखाच येतो, असे त्यातून दिसले. एकाने काढलेले दुसऱ्याने, वेगळ्या रीतीने, पुन्हा काढून पाहायचे, हा शिरस्ता या विषयात तेव्हापासून पक्का झाला.

वेगाचे कोडे असे बरेचसे सुटले. कणांना एवढी ऊर्जा कशी मिळते, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही, आणि माझे मन अडकले ते तिथेच. १३ जानेवारी १९९२ रोजी जपानच्या योहको उपग्रहाला एका सौरज्वालेत प्रखर क्ष-किरणांचा एक स्रोत चुंबकीय कमानीच्या माथ्याच्याही वर दिसला. तिथे एवढे वेगवान इलेक्ट्रॉन असतील तर पुनर्जोडणीची जागा त्याहून वर असणार, हा तर्क त्यातून बळावला. नंतर १० सप्टेंबर २०१७च्या मोठ्या सौरज्वालेच्या सूक्ष्मलहरी कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीच्या रेडिओ दुर्बिणींनी टिपल्या. त्यांवरून निघालेला निष्कर्ष वाचला तेव्हा मी कागद खाली ठेवून खिडकीबाहेर पाहत बसले होते : प्रभामंडलाच्या एका मोठ्या भागातले जवळजवळ सगळेच इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जेला पोहोचले होते. मूठभर नशीबवान कण नव्हे, जवळजवळ सगळे. हे कोणत्या यंत्रणेने होते, याचे सरळ सूत्र कागदावर मांडता येत नाही. कण क्षेत्राला वाकवतात, क्षेत्र कणांना वाकवते, आणि हे दोन्ही एकाच वेळी चालते. म्हणून संगणक लागतो.

त्या चित्रामागे काय असते, ते आता जवळून दाखवते. पद्धतीचे नाव पार्टिकल-इन-सेल. आम्ही तोंडी ‘पिक कोड’ म्हणतो. जागेचे लहान चौकोन पाडायचे आणि त्यांत कण सोडायचे. प्रत्येक कणाचा विद्युतभार आजूबाजूच्या चौकोनांच्या कोपऱ्यांवर वाटून टाकायचा. त्यावरून विद्युतधारा आणि धारेवरून मॅक्सवेलच्या समीकरणांनी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र काढायचे. मग त्या क्षेत्राने प्रत्येक कणाला ढकलायचे. ढकलण्याची रीत ठरलेली आहे : विद्युत क्षेत्राचा अर्धा धक्का, मग चुंबकीय क्षेत्राभोवती एक वळण, मग उरलेला अर्धा धक्का. या वळणात कणाची गती बदलत नाही, फक्त दिशा बदलते. चुंबकीय क्षेत्र कणाला ऊर्जा देत नाही हा निसर्गाचा नियम या एका बारीक रचनेमुळे संगणकातही तंतोतंत पाळला जातो. कण नव्या जागी गेला की पुन्हा पहिल्यापासून. असे अब्जावधी कण, आणि मोठ्या त्रिमितीय सिम्युलेशनमध्ये तर लाख कोटींच्या घरात.

मग एक आख्खी सौरज्वाला का सोडवत नाही, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना मी आकडे फळ्यावर मांडायला लावते. प्रभामंडलात एका घनसेंटिमीटरमध्ये १०० कोटी इलेक्ट्रॉन धरले, तर ज्या अंतरापलीकडे त्यांचे विद्युतभार एकमेकांना झाकतात ते डिबाय अंतर येते दोन-तीन मिलिमीटर. चौकोन त्याहून फार मोठा घेऊन चालत नाही. सौरज्वालेची कमान असते दहा हजार किलोमीटर किंवा त्याहून मोठी. वेळेचेही तसेच. इलेक्ट्रॉनची स्वतःची थरथर टिपायची तर एका सेकंदासाठी हजार कोटींहून जास्त टप्पे लागतात, आणि सौरज्वाला मिनिटेन् मिनिटे चालते. पिक कोडची बऱ्यापैकी मोठी पेटी खऱ्या प्रभामंडलात नेऊन ठेवली, तर ती भरेल एक-दोन किलोमीटर. म्हणजे आपण छापलेल्या चित्रात ‘सूर्यावरील स्फोट’ नव्हताच. असलाच तर त्या स्फोटाच्या पोटातला साताऱ्याच्या एखाद्या पेठेएवढा तुकडा होता.

आणि तो तुकडाही जाणूनबुजून बदललेला असतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड आहे. एवढा फरक ठेवला तर हलका इलेक्ट्रॉन पळून जाऊन येतो तरी प्रोटॉन जागचा हलत नाही, आणि संगणकाचा वेळ संपतो. म्हणून पुष्कळ सिम्युलेशनमध्ये प्रोटॉन २५ पट किंवा १०० पटच जड धरतात. प्रकाशाचा वेगही प्लाझ्मातल्या लाटांच्या मानाने कमी ठेवतात. तिसरी मिती कित्येकदा सोडून देतात. यातले काहीही लपवलेले नसते. शोधनिबंधात हे आकडे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलेले असतात, आणि वाचणारा पहिल्यांदा तेच पाहतो. उत्तर या बदलांवर किती अवलंबून आहे हे तपासण्यासाठी तेच सिम्युलेशन २५ने, मग १००ने, जमल्यास ४००ने चालवून बघतात. उत्तर बदलले नाही तर पाय रोवून पुढे जाता येते.

माझ्या मार्गदर्शकांचा एक नियम होता, आणि तो मी आजही मुलांना लावते. कुठल्याही कोडवर पहिले काम म्हणून शांत प्लाझ्मा चालवायचा. पडदा नाही, फुली नाही, काही नाही; सगळीकडे सारखे तापमान. काहीही घडता कामा नये. चौकोन जरा मोठे घेतले की काय होते ते तेव्हा दिसते : प्लाझ्मा आपोआप तापू लागतो. कुणी उष्णता दिलेली नसते. चौकोनाच्या आत काय चालले आहे ते कोडला दिसत नाही, ती चूक ऊर्जेच्या रूपाने साचत जाते. हे तापणे जो ओळखत नाही, तो उद्या त्यालाच ‘कणांचे त्वरण’, म्हणजे कणांनी खरोखर घेतलेला वेग, समजून बसेल. म्हणून मी मुलांना रंगीत चित्राआधी एकूण ऊर्जेचा साधा आलेख काढायला सांगते. ती रेघ आडवी राहिली पाहिजे. ती वर चढत असेल तर बाकीचे काही पाहायचेच नाही.

इतक्या बदलांनंतर उरते काय, असे कुणालाही वाटेल. उरते ते फार मोलाचे आहे. पुनर्जोडणीचा पडदा लांब असला की तो एका जागी न तुटता अनेक जागी तुटतो आणि मधे बंद वळशांची बेटे तयार होतात. आपल्या चित्रातले ते डोळे म्हणजेच ही बेटे. जेम्स ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, बेट आखडत असताना त्यात अडकलेला इलेक्ट्रॉन दर फेरीला ऊर्जा कमावतो. समोरून पुढे येणाऱ्या बॅटवर चेंडू आदळला की तो आला त्याहून जास्त वेगाने परततो. बेटाची दोन्ही टोके आत सरकत असल्यामुळे इलेक्ट्रॉनला प्रत्येक टोकाला अशीच बॅट भेटते. जो आधीच वेगात आहे तो जास्त वेळा टोकाला पोहोचतो, म्हणून जास्त कमावतो. या यंत्रणेच्या जोडीला बलरेषेच्या दिशेने असलेले विद्युत क्षेत्रही कणांना ढकलते. कुठे कोण वरचढ, हे पडद्याला समांतर असलेल्या तिसऱ्या दिशेच्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते. ते क्षेत्र मोठे असेल तर बेटे तितकीशी आखडू शकत नाहीत आणि पहिली यंत्रणा मंदावते.

दोन मितींच्या सिम्युलेशनमध्ये एक खोट होती. बेटात शिरलेला कण बेटातच कायमचा कोंडला जाई. तिसरी मिती घातल्यावर बलरेषा वेड्यावाकड्या भटकू लागल्या, कण एका बेटातून सुटून दुसऱ्या आखडत्या जागी जाऊ लागले आणि त्यांची कमाई वाढली. चित्र मात्र पूर्वीइतके देखणे राहिले नाही. सुबक डोळ्यांच्या जागी दोरांचा गुंता आला. मला तो गुंताच जास्त खरा वाटतो, आणि वर्तमानपत्रांनी तोही छापावा असे वाटते.

तरीही निसर्गात दिसणारी कणांची वाटणी, म्हणजे थोड्या ऊर्जेचे पुष्कळ आणि जास्त ऊर्जेचे ठरावीक प्रमाणात कमी होत जाणारे कण, ही छोट्या पेटीत नीट येईना. कणांना कमवायला पुरेशी जागा आणि वेळच मिळत नव्हता. २०२१ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या गटाने वेगळी वाट धरली. फार बारीक अंतरे आणि इलेक्ट्रॉनची थरथर त्यांनी कोडमधून काढूनच टाकली, ऊर्जा देणारी मोठी यंत्रणा तेवढी ठेवली, आणि पेटी खूप मोठी केली. त्यात इलेक्ट्रॉनांची वाटणी सौरज्वालांत दिसते त्या घाटाची आली. कशाला ठेवायचे आणि कशाला सोडायचे, हा निर्णय त्या गटाने विचारपूर्वक घेतला होता. सिम्युलेशन करणाऱ्याची खरी परीक्षा त्या निर्णयात असते. मशीन कितीही मोठे असले तरी तो माणसालाच घ्यावा लागतो.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र एवढे वाढवले, तो सांगते. मायकेल हेस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सिम्युलेशनमधून एक गोष्ट मांडली होती. पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या सूर्याकडच्या सीमेवर, पुनर्जोडणीच्या अगदी गाभ्याजवळ, इलेक्ट्रॉनांचे वेग आलेखावर मांडले तर त्यांचा आकार चंद्रकोरीसारखा दिसेल, असे त्यांचे गणित सांगत होते. तोपर्यंत असे काही कुणी मोजले नव्हते. मोजता येण्यासारखे उपकरणच अवकाशात नव्हते, कारण तो गाभा काही किलोमीटर जाडीचा असतो आणि यानावरून क्षणात निघून जातो. मार्च २०१५ मध्ये नासाने एमएमएस मोहिमेची चार याने एकाच रॉकेटवरून सोडली. ती चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर राहून एकत्र उडतात, आणि इलेक्ट्रॉनांची सर्व दिशांची मोजणी दर ३० मिलिसेकंदांनी करतात. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला ती चारही याने अशा गाभ्यातून गेली. मोजणी पृथ्वीवर आली. आलेख काढले गेले. त्यांवर चंद्रकोर होती.

संपादक महोदय, ही दोन चित्रे मी दरवर्षी वर्गात शेजारी शेजारी लावते. एक हिशेबाचे, एक मोजणीचे. गेल्या वर्षी एक मुलगी, एरवी फारसे न बोलणारी, उठून पडद्याजवळ गेली आणि दोन्ही कोरींची टोके बोटाने ताडून पाहू लागली. मग तिने विचारले, ‘मॅडम, यातलं आधीचं कोणतं?’ हा प्रश्न तिला सुचला, कारण एका चित्राखाली ‘सिम्युलेशन, २०१४’ आणि दुसऱ्याखाली ‘मोजणी, २०१५’ असे लिहिलेले होते. दोन्हींखाली ‘छायाचित्र’ असते, तर विचारण्यासारखे काही उरलेच नसते.

असे जुळणे पुढेही चालूच आहे. २०१७च्या जुलैमध्ये याच यानांनी पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, चुंबकीय शेपटीत, पुनर्जोडणी गाठली. नासाचे पार्कर सोलर प्रोब हे यान सूर्याजवळच्या विद्युतधारेच्या मोठ्या पडद्यातून गेले तेव्हा पुनर्जोडणीने वेग घेतलेले सुमारे चार लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे प्रोटॉन त्याला सापडले. तो निबंध २०२५ मध्ये आला आणि सिम्युलेशन करणाऱ्यांपुढे नवा आकडा ठेवून गेला. जे जुळत नाही तेही छापून येते, आणि ते वाचकाला सांगायला काहीच हरकत नाही.

हा विषय दूरचा आहे, आपल्या वाचकाला त्याचे काय, असे म्हणता येणार नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमधून ती प्रसिद्ध सौरज्वाला पाहिली. पुढच्या दिवशी पृथ्वीवर आलेल्या चुंबकीय वादळाचा सर्वांत मोलाचा आकडा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदीत आहे : क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. त्या नोंदी पुन्हा काढून अभ्यासण्याचे काम २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स सहलेखक होते. ही संस्था आज पनवेलला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या धारेने मोजणी बिघडणार, म्हणून हे मोजमाप विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवले गेले, आणि तिथे ते आजही चालू आहे. मे २०२४च्या वादळात लडाखमधल्या हानले इथून आकाश लाल दिसले, ते फोटो आपणही छापले होते. ते मात्र खरोखर फोटो होते.

आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोहोचले. त्यावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवली. ‘हेलिओस’ हे उपकरण सौरज्वालेतले प्रखर क्ष-किरण मोजते, म्हणजे नेमके त्या वेग घेतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या खुणा. ‘सूट’ची चित्रे ही छायाचित्रेच आहेत, पण अतिनील प्रकाशाची, डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या प्रकाशाला रंग नंतर दिलेला असतो. तेही चित्राखाली लिहावे. चार शब्द पुरतात : ‘अतिनील छायाचित्र, रंग कृत्रिम’.

आणि मशीनही आहेत. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ सुरू झाला. मोठी मशीन संशोधन संस्थांसाठी असतात, हे मला समजते. पण सुरुवातीला ती लागतही नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या डेस्कटॉपवर एक मितीचा पिक कोड व्यवस्थित चालतो. इलेक्ट्रॉनांचे दोन झोत एकमेकांतून विरुद्ध दिशांना सोडायचे. थोडा वेळ काही होत नाही. मग आलेखावरच्या दोन सरळ पट्ट्या हळूहळू लाटेसारख्या हलतात, वळतात, आणि एकमेकींत गुंडाळल्या जातात. दोनशे-अडीचशे ओळींचा कोड असतो. तो स्वतः लिहिलेल्या मुलाला त्या चार कॉलमी चित्रातले दाणे कशाचे, हे सांगावे लागत नाही. हा प्रयोग महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत असावा, अशी माझी तळमळीची इच्छा आहे. त्याला उपकरण विकत घ्यावे लागत नाही, फक्त शिकवणारा लागतो. आपल्या पुरवणीने या विषयावर लिहिले तर अभ्यास मंडळांतले लोकही ते वाचतील.

आपल्याकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. सिम्युलेशनचे चित्र छापाल तेव्हा खाली ‘संगणकीय सिम्युलेशन’ असे लिहा. रंगाची पट्टी कापू नका. ज्या गटाने ते केले त्याचे नाव द्या, आणि शक्य असेल तर पेटी खऱ्या जगात केवढी होती तेही. लेखकाला आणि मांडणी करणाऱ्याला यासाठी दहा मिनिटे जास्त लागतील. क्रिकेटच्या बातमीत षटकांचा आणि धावांचा आकडा चुकला तर आपण दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता. तेवढीच काळजी इथे घ्या. रविवारच्या त्या चित्राबद्दलही दोन ओळींची दुरुस्ती येत्या पुरवणीत यावी, ही विनंती.

आणखी एक. ते चित्र आपण कुठून घेतले, हे लेखात नव्हते. मूळ निबंध कळला तर मला हवा आहे. बेटांचा लांबटपणा पाहता तिसऱ्या दिशेचे क्षेत्र त्यात कमीच धरले असावे असा माझा अंदाज आहे, आणि प्रोटॉन किती पट जड धरला होता तेही पाहायचे आहे. सोमवारी पिक कोडचा तास आहे. त्याआधी कळवलेत तर आपले पान आणि तो निबंध, दोन्ही मुलांपुढे ठेवीन.

कळावे,
आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका, सातारा